काचेवरचा ओरखडा जातो कुठे?

मुलांनो, आधी एक काम करा. घरातलं एखादं जुनं मनगटी घड्याळ घ्या. (ज्याचं असेल त्याला विचारून, बरं का!) खिडकीपाशी जा, घड्याळ जरा तिरकं धरा आणि काचेकडे पाहा. समोरून स्वच्छ वाटणारी काच तिरकी धरली की कशी दिसते? कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेघाच रेघा! आता काचेच्या मधोमध असलेल्या एखाद्या रेघेवर काडीच्या टोकाने खोबरेल तेलाचा अगदी छोटा थेंब लावा. कडेला लावू नका, तेल आत जाईल. काय झालं? रेघ गायब! कापसाने तेल पुसा. रेघ पुन्हा हजर!

ही काय जादू आहे ते पुढे सांगतोच. पण त्याआधी माझ्या वर्गात घडलेली एक गोष्ट ऐका. या गोष्टीत चूक झाली ती माझी, आणि घाबरला तो एक चौथीतला मुलगा.

माझ्याकडे वडिलांचं एक जुनं घड्याळ आहे, एच.एम.टी. ‘जनता’. चावीचं. रोज सकाळी चावी दिली की दिवसभर टिकटिक करतं. एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने सुरू झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं नोकरी लागली की एच.एम.टी. घ्यायचं आणि लग्नात जावयाला एच.एम.टी. द्यायचं, अशी रीतच होती. घड्याळं बनवणारी ही कंपनी बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. घड्याळं मात्र अजून चालताहेत.

तर ‘गुळगुळीत आणि खडबडीत’ हा भाग शिकवताना मी हे घड्याळ वर्गात नेलं. काच ओरखड्यांनी अगदी अंधूक झाली होती. सुती फडक्यावर चिमूटभर टूथपेस्ट घेतली आणि पाच-सात मिनिटं गोल गोल घासलं. मग ओल्या फडक्याने पुसलं. काच लख्ख! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झालो. आणि त्या खुशीत एक महत्त्वाची गोष्ट सांगायची विसरलो.

ती म्हणजे, या घड्याळाची ‘काच’ काच नव्हतीच!

चार-पाच दिवसांनी एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न खाता बाकावरच बसून राहिला. एरवी हा पटांगणावर सगळ्यांच्या पुढे. जवळ गेलो तर त्याने कंपासपेटी घट्ट धरलेली. “गुरुजी, कुणाला सांगणार नाही ना?” म्हणून त्याने पेटी उघडली. आत आजोबांचं घड्याळ होतं. चौकोनी, कडेला पैलू पाडलेली काच. पण काटे दिसत होते कुठे? काच दुधाची साय धरावी तशी पांढरट झाली होती.

झालं होतं असं. आजोबा एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाले तरी वेळ पाहायची सवय सुटलेली नाही. आजोबांचं घड्याळ आपण गुरुजींसारखं चकाचक करून द्यावं, म्हणून याने ते आंघोळीच्या वेळी गुपचूप घेतलं. टूथपेस्ट लावून घासलं. काहीच फरक पडला नाही. आणखी घासलं. तरी नाही. तेवढ्यात त्याला आठवलं, घरात नुकतंच रंगकाम झालं होतं आणि रंगाऱ्याने भिंत घासून उरलेला कागद कोनाड्यात ठेवला होता. त्या कागदाला सगळे काय म्हणतात? ‘पॉलिश पेपर’! मग पॉलिश करायला पॉलिश पेपर वापरला, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं, सांगा.

कागदाच्या पाठीवर २२० असा आकडा होता. या आकड्याची गंमत अशी, की आकडा जितका मोठा तितके त्यावरचे कण बारीक. कण चाळणीने चाळून निवडतात आणि चाळणीला इंचाला जितकी जास्त भोकं तितका आकडा मोठा, तिथून ही पद्धत आली. २२० नंबरच्या कागदावरचा कण ढोबळमानाने मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्शाएवढा असतो. भिंतीला ठीक, पण घड्याळाच्या काचेला म्हणजे शेतात नांगरच की!

आता टूथपेस्टने माझं काम झालं आणि त्याचं का झालं नाही, ते बघू. १८१२ साली फ्रीड्रिख मोह्स नावाच्या खनिजांच्या अभ्यासकाने एक साधी युक्ती काढली. कोणता दगड कोणत्या दगडावर ओरखडा काढू शकतो, ते पाहायचं आणि त्यांना १ ते १० असे नंबर द्यायचे. सगळ्यात मऊ शंखजिरं, त्याचा नंबर १. सगळ्यात कठीण हिरा, त्याचा १०. फळ्याचा खडू बहुधा जिप्समचा असतो, त्याचा २. आपलं नख अडीचच्या आसपास. माझ्या घड्याळावर होतं ॲक्रिलिक प्लॅस्टिक, ते तिनाच्या आसपास. टूथपेस्टमध्ये बऱ्याचदा खडूसारखी जी चुनखडीची बारीक पूड असते, तीही ३. म्हणजे जोडी जमली! पूड प्लॅस्टिकला हळूहळू घासू शकते. पण खरी काच साडेपाचच्या आसपास. तिच्यावर टूथपेस्ट घासणं म्हणजे पाटा-वरवंट्यावर साबण घासण्यासारखं. साबण झिजेल, पाटा नाही.

आणि गारगोटी? तिचा नंबर ७. वाळूत, मातीत, रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतातच. म्हणजे घड्याळाच्या काचेवर धूळ बसलेली असताना आपण ती सदऱ्याच्या बाहीने खसाखसा पुसतो, तेव्हा आपणच ओरखडे पाडत असतो. आधी फुंकर घाला किंवा पाण्याने भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपून घ्या. (काही महागड्या घड्याळांना कारखान्यात बनवलेल्या नीलमची काच असते. तिचा नंबर ९. तिच्यावर धुळीचं काही चालत नाही. पण तिच्यावर ओरखडा पडलाच तर तो काढायला हिऱ्याची पूडच लागते!)

आता तेलाच्या थेंबाची जादू. प्रकाशाचे किरण हवेतून काचेत शिरताना थोडे वळतात. काच सपाट असेल तर सगळे किरण प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखे शिस्तीत, एकसारखे वळतात. ओरखडा म्हणजे काचेतली छोटीशी दरी. तिच्या उतारावर पडलेले किरण भलतीकडेच फाकतात, म्हणून आपल्याला चकाकती रेघ दिसते. असे हजारो ओरखडे शेजारी शेजारी पडले की सगळी काच दुधी दिसते. तेलात शिरताना प्रकाश जवळजवळ तितकाच वळतो, जितका काचेत शिरताना वळतो. त्यामुळे दरी तेलाने भरली की प्रकाशाला ती दरी वाटतच नाही. ओरखडा जाग्यावरच असतो, फक्त दिसत नाही.

हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीने आम्हाला फसवलं.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही दोघे तालुक्याच्या गावी गेलो. एस.टी. स्टँडजवळ एक घड्याळ दुरुस्त करणारे काका बसतात. काचेचं टेबल, वर दिवा, डोळ्याला भिंग. त्यांनी घड्याळ पाहिलं, नखाने काच चाचपली आणि पहिला प्रश्न विचारला, “घड्याळ कुणाचं? त्यांना विचारलंय का?”

मुलगा गप्प. मीही गप्प.

“मग आधी विचारून या. नंतर बघू.”

परतीच्या गाडीत तो एक शब्द बोलला नाही. संध्याकाळी मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. आजोबा दोन दिवस घड्याळ शोधत होते. मुलाने कंपासपेटीतून ते काढून त्यांच्या हातावर ठेवलं. मी म्हटलं, “आजोबा, चूक माझी आहे. मी अर्धवट शिकवलं.” आजोबांनी घड्याळ डोळ्यांपुढे धरलं, मग कानाला लावलं. “चालतंय की,” म्हणाले. “दिसत नाही एवढंच. घेऊन जा परत त्यांच्याकडे.”

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? नवी काच बसवायची! अगदी बरोबर. गोल काच असती तर काकांनीही तेच केलं असतं. त्यांच्या खणात गोल काचा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या फरकाने लावून ठेवलेल्या आहेत आणि नवी काच बसवणं बहुतेक वेळा पॉलिशपेक्षा स्वस्त पडतं. ओरखडा इतका खोल असेल की नख त्यात अडकतं, तर काच बदलणंच बरं, असं ते सांगतात. पण ही काच चौकोनी, पैलूंची. तशी मिळेना. म्हणून मग पॉलिश.

पॉलिश म्हणजे नेमकं काय? मी मुलांना हा प्रश्न विचारला तेव्हा बहुतेकांनी सांगितलं, ओरखड्यात काहीतरी भरतात. नाही! रस्त्यातला खड्डा मुरूम टाकून बुजवता येतो. काचेच्या ओरखड्यात काचेसारखं टिकेल असं काही भरणं घरी-दुकानात जमत नाही. मग काय करायचं? खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचं सगळं शेतच खरवडून खाली आणायचं! म्हणजे ओरखडा ‘जातो’ तो असा. त्याच्या भोवतीची काच जाते. एका खोल ओरखड्यासाठी सगळी काच पातळ करावी लागते. आणि फक्त ओरखड्यापुरतंच घासलं तर तिथे खळगा होतो आणि आतले आकडे वेडेवाकडे दिसायला लागतात, जत्रेतल्या आरशासारखे.

काकांनी काच आधी चौकटीतून बाहेर काढली, म्हणजे पाणी यंत्रात जायला नको. मग टेबलावर जाड सपाट काच ठेवली, तिच्यावर ६०० नंबरचा पाण्याचा कागद, त्यावर पाणी. घड्याळाची काच पालथी धरून सरळ रेषेत, पुढे-मागे, पुढे-मागे. मुलगा घाबरून म्हणाला, “काका, आणखीच पांढरी झाली की!” काका हसले. “होऊ दे. तुझे मोठे ओरखडे काढून मी माझे छोटे पाडतोय.”

त्यानंतर १०००, मग १५००, मग २०००. दर वेळी घासायची दिशा बदलायची. आधी उभी, मग आडवी. कशासाठी, सांगा बरं? आडवं घासताना आधीच्या उभ्या रेघा वेगळ्या ओळखू येतात. शेवटची उभी रेघ दिसेनाशी झाली, की तो कागद संपला. आणि दर कागदानंतर काच, हात, टेबल सगळं धुवायचं. कारण ६०० चा एक कण जरी २००० च्या कागदावर राहिला, तरी तो एकटा सगळ्या मेहनतीवर रेघ ओढतो. २००० नंबरचा कण मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढा असतो. तरीही काच दुधी ती दुधीच.

इथपर्यंतचं काम धीराचं. खरी मजा आहे ती यापुढे.

काकांनी एका डबीतून फिकट बदामी-गुलाबी पूड काढली. सीरियम ऑक्साइड. पाण्यात कालवून दाट ताकासारखी केली आणि नमद्याच्या चाकावर लावली. चाक छोट्या मोटरवर हळू फिरत होतं. मध्येच थांबून काच गालाला लावून पाहायचे. गरम लागली तर पाण्याचा हात. काच एका जागी तापली तर तडकते.

सीरियम हा एक धातू. १८०३ साली तो सापडला. त्याच्या दोनच वर्षं आधी आकाशात ‘सेरेस’ हा लघुग्रह सापडला होता, त्यावरून याचं नाव. याला ‘दुर्मिळ मृदा’ गटात घालतात, पण पृथ्वीच्या कवचात तो जवळपास तांब्याइतका आहे! आणि दूर कशाला जायचं? केरळच्या आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात सीरियम असतं. त्यातून असे धातू वेगळे काढण्यासाठी आपल्याकडे १९५० साली ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली.

पण ही पूड करते काय? याचं उत्तर शोधताना मोठमोठी माणसं चकली आहेत. न्यूटन तुम्हाला माहीत आहे. त्याने १६६८ साली आरशाची दुर्बीण बनवली. तिचा धातूचा आरसा स्वतःच्या हाताने घासला. केवढा होता तो? सव्वा इंचाहून जरासा मोठा, म्हणजे मनगटी घड्याळाच्या काचेएवढाच! आरसा घासायला त्याने डांबरासारख्या राळेचा थर वापरला. इतकं काम स्वतः केलेल्या या माणसाने १७०४ साली प्रकाशावरच्या आपल्या पुस्तकात मत मांडलं, की पॉलिश म्हणजे बारीक बारीक ओरखडेच. ते इतके बारीक करत जायचे की शेवटी डोळ्यांना दिसू नयेत.

हे अर्धं खरं आहे. दृश्य प्रकाशाच्या लाटेची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्शाएवढी. खड्डे त्याहून पुष्कळ लहान झाले की प्रकाशाला ते जाणवतच नाहीत. पण मग एक कोडं उरतं. सीरियम ऑक्साइड काचेपेक्षा फारसं कठीण नाही. मोह्सच्या नंबरात दोघं जवळपास शेजारी. तरी काचेसाठी पॉलिशवाले त्याच्यावर इतके खूश का?

कारण इथे नुसतं घासणं नाही, रसायनशास्त्र आहे. पाण्यामुळे काचेचा अगदी वरचा, नखाहून हजारो पटींनी पातळ थर जरा मऊ पडतो. सीरियम ऑक्साइडचा कण त्या थरातल्या सिलिकाला क्षणभर चिकटतो आणि चाक फिरलं की तो कण जाताना काचेचा अंश बरोबर घेऊन जातो. ओरबाडत नाही, उचलून नेतो. म्हणून मागे ओरखडा राहत नाही. आणि म्हणूनच पाणी लागतं. पाण्याऐवजी तेल वापरलं तर काम जवळजवळ पुढे सरकत नाही. एवढ्याशा घड्याळाच्या काचेवरचं हे कोडं शास्त्रज्ञ विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सोडवत होते.

पंधरा-वीस मिनिटं झाली. काच ओली होती आणि आरपार दिसत होती. मुलगा ओरडला, “गेले! सगळे गेले!” काकांनी काही न बोलता काच फडक्याने कोरडी केली आणि दिव्याखाली तिरकी धरली. कोपऱ्यात पांढरट ढग तसाच. मुलाचं तोंड एवढंसं झालं. मला मात्र वर्गातला तेलाचा थेंब आठवला. पाण्याने दऱ्या भरल्या होत्या, दुसरं काय! “ओली काच खोटं बोलते,” काका म्हणाले आणि पुन्हा चाकाकडे वळले.

असे दोन शनिवार गेले. (घरी हा उद्योग करू नका. काचेची सुकी पूड श्वासातून आत जाणं वाईट. आणि काट्यांवर, आकड्यांवर अंधारात चमकणारा रंग असलेलं फार जुनं घड्याळ तर उघडूच नका. पूर्वी त्या रंगात रेडियम घालत. हात फिरवून बघायचाच असेल तर जुन्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर टूथपेस्ट घासून पाहा.)

तिसऱ्या शनिवारी आजोबा आमच्याबरोबर आले. काच लख्ख झाली होती. फक्त एक तिरका चरा चारच्या आकड्यापासून मध्यापर्यंत उरला होता. काकांनी तो कोरड्या काचेवर दाखवला. “हा पॉलिश पेपरचा नाही. जुना आहे, आणि खोल. नख अडकतं. काढायचा म्हटलं तर आणखी बरंच घासावं लागेल. काच पातळ होईल, पैलू बोथट होतील. काय करू?”

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी आजोबांकडे.

आजोबांनी काचेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. “हा टपावर सामान चढवताना पडला. शिडीच्या गजावर हात आपटला होता,” ते म्हणाले. “राहू दे. हा माझा आहे. बाकीचे याचे होते, ते गेले.”

काकांनी काच चौकटीत बसवली, मागचं झाकण दाबलं, घड्याळ पुसून दिलं. आजोबांनी ते मनगटावर बांधलं आणि स्टँडवरच्या घड्याळाशी वेळ जुळवून पाहिली. दोन मिनिटांचा फरक होता. “स्टँडचं मागे आहे,” आजोबा म्हणाले, आणि आम्ही गाडी पकडायला निघालो.

आता हा मुलगा वर्गात कुणाचंही घड्याळ दिसलं की आधी नखाने चाचपतो आणि विचारतो, “प्लॅस्टिक का काच?” परवा त्याने माझं एच.एम.टी. मागून घेतलं, तिरकं धरून पाहिलं आणि म्हणाला, “गुरुजी, तुम्ही अजून बाहीनेच पुसता ना?”